लेबलाची शेपटी

एकतीस वर्षं मी प्रयोगशाळेच्या रसायन-कोठारात काढली. बाटली आली की वहीत चढवायची, लेबल तपासायचं, फाटलं असेल तर नवं लिहायचं आणि कोण काय घेऊन गेलं त्याची नोंद ठेवायची. त्यामुळे आम्लांची नावं मी पुस्तकातून कमी आणि काचेवरून जास्त शिकले. या वेळच्या टपालात नेमकी आम्लांच्या नावांवरचीच पत्रं इतकी आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकललेत.

वाचण्याआधी एक सूचना. सूत्रं इथे देवनागरीत छापली आहेत. एच म्हणजे हायड्रोजन, ओ म्हणजे ऑक्सिजन, एन म्हणजे नायट्रोजन, एस म्हणजे गंधक, पी म्हणजे फॉस्फरस, सी म्हणजे कार्बन, बी म्हणजे बोरॉन, एफ म्हणजे फ्लुओरीन आणि ‘सीएल’ हे दोन अक्षरांचं मिळून एकच चिन्ह, क्लोरीनचं. आकडे अक्षराच्या पायाशी बारीक लिहिलेत असं समजा.

प्रश्न : ताई, आम्लांची नावं आणि रेणुसूत्रं मी तक्त्यावर लिहून भिंतीला लावली आहेत. रोज वाचते. तरी चाचणीत सल्फ्युरिक आणि सल्फ्युरसची अदलाबदल केली आणि नायट्रिकचं सूत्र एच२एनओ३ लिहून आले. पाठ करायची सोपी रीत सांगाल का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : आधी तो तक्ता उतरव. त्या जागी मूलकांचा, म्हणजे आम्लातला हायड्रोजन सोडून उरणाऱ्या भागांचा, तक्ता लाव, आणि प्रत्येक मूलकापुढे त्याचा ऋणप्रभार लिही. नायट्रेट, एनओ३, प्रभार उणे एक. सल्फेट, एसओ४, उणे दोन. फॉस्फेट, पीओ४, उणे तीन. आता आम्ल करायचं म्हणजे काय, तर जितका ऋणप्रभार तितके हायड्रोजन पुढे बसवायचे. नायट्रेटला एक, म्हणून एचएनओ३. सल्फेटला दोन, म्हणून एच२एसओ४. फॉस्फेटला तीन, एच३पीओ४. तू एच२एनओ३ लिहिलंस ते सल्फ्युरिकचे दोन हायड्रोजन डोळ्यासमोर होते म्हणून. नायट्रेटपाशी एकच जागा आहे, दुसऱ्या हायड्रोजननं बसायचं कुठे? ही चूक करणारी तू पहिली नाहीस. आमच्याकडे नव्यानं आलेल्या एका मदतनिसानं साठ्याच्या वहीत पानभर एच२एनओ३ लिहिलं होतं, सुवाच्य अक्षरात.

आता नाव. मूलकाच्या नावाची शेपटी बदलली की आम्लाचं नाव तयार होतं. ‘एट’चं ‘इक’ होतं आणि ‘आइट’चं ‘अस’. नायट्रेटवरून नायट्रिक, नायट्राइटवरून नायट्रस. सल्फेटवरून सल्फ्युरिक, सल्फाइटवरून सल्फ्युरस. (सल्फचं सल्फ्युर आणि फॉस्फचं फॉस्फोर होतं, तेवढी जिभेची सोय मान्य करून टाक.) शेपटी ‘आइड’ असेल, म्हणजे मूलकात ऑक्सिजनच नसेल, तर पुढे ‘हायड्रो’ आणि मागे ‘इक’ लागतं: क्लोराइडचं हायड्रोक्लोरिक, ब्रोमाइडचं हायड्रोब्रोमिक. सायनाइडमध्ये कार्बन आणि नायट्रोजन अशी दोन मूलद्रव्यं असली तरी ऑक्सिजन नाही, म्हणून तेही याच रांगेत, हायड्रोसायनिक.

सल्फ्युरिक आणि सल्फ्युरसची अदलाबदल झाल्याचं तू लिहितेस, म्हणून एका बाटलीची गोष्ट सांगते. फळीवरच्या एका बाटलीच्या गळ्यावरून ओघळ येऊन लेबलाची उजवी बाजू गेली होती. वरच्या ओळीत ‘सल्फ्यु’ एवढंच उरलेलं. खालच्या ओळीत सूत्राचं ‘एच२एसओ’, आणि पुढचा आकडा गायब. विचार करून बघ, या दोन आम्लांत फरक आहे तो नेमका त्या गेलेल्या भागात: नावाची शेपटी आणि शेवटचा चार की तीन. मदतनीस नाक पुढे नेऊ लागला. सल्फ्युरस असेल तर जळत्या काडीसारखा झणका येईल, हा त्याचा तर्क. तर्क बरोबर, पण आम्लाच्या बाटलीला नाक लावायचं नसतं, म्हणून त्याला थांबवलं. हातमोजे चढवून मी बाटली फळीवरून दोन बोटं उचलली मात्र, मनगट खाली गेलं. संहत सल्फ्युरिक आम्ल पाण्याच्या १.८४ पट जड असतं. अर्ध्या लिटरच्या बाटलीत आम्लच ९२० ग्रॅम. सल्फ्युरस आम्ल म्हणून जे मिळतं ते जवळपास पाण्याइतक्याच वजनाचं द्रावण असतं. आणि खरं म्हणजे उचलायचीही गरज नव्हती. लेबलाची गेलेली कड काळी पडली होती, जाळल्यासारखी. कागदातलं पाणी ओढून घेऊन मागे कोळसा ठेवणं हे संहत सल्फ्युरिकचंच काम. आपली शेपटी त्यानं स्वतःच खाल्ली होती, आणि खाताना सही करून ठेवली होती.

प्रश्न : ‘इक’ म्हणजे ऑक्सिजन जास्त, ‘अस’ म्हणजे कमी, हे समजलं. पण नायट्रिकमध्ये तीन ऑक्सिजन, सल्फ्युरिकमध्ये चार आणि क्लोरिकमध्ये पुन्हा तीन, असं का? ‘इक’ म्हणजे नक्की किती?
– एक वाचक

उत्तर : नक्की आकडा नाहीच. ‘थोरला’ म्हटल्यावर वय कळत नाही, धाकट्यापेक्षा मोठा एवढंच कळतं. ‘इक’ आणि ‘अस’ एकाच घरातल्या दोन भावांची तुलना करतात. सल्फ्युरिकमध्ये चार, सल्फ्युरसमध्ये तीन. नायट्रिकमध्ये तीन, नायट्रसमध्ये दोन. शेजारच्या घरातल्या थोरल्याशी त्यांचा संबंध नाही.

नायट्रोजनचं तीनवर का थांबतं याला मात्र कारण आहे. त्याचा अणू लहान. त्याच्याभोवती तीन ऑक्सिजन दाटीनं बसतात, चौथ्याला जागा होत नाही. कार्बनचंही तेच, म्हणून कार्बोनेट सीओ३ आणि कार्बोनिक आम्ल एच२सीओ३. गंधक आणि फॉस्फरस आवर्तसारणीत एक ओळ खाली, अणू मोठे, तिथे चार मावतात.

या हिशेबानं क्लोरीनलाही चार मावतात, आणि मावले आहेतच. मग चारवाल्याला क्लोरिक का म्हटलं नाही? कारण नाव आधीच दिलं गेलं होतं. ‘इक’ आणि ‘अस’ या शेपट्यांची पद्धत पॅरिसमध्ये १७८७ साली बसवली गेली. गितों द मॉर्व्हो, लाव्हॉयझिए, बर्थोले आणि फुर्क्रुआ या चौघा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी मिळून रसायनांची नावं नव्यानं लावली तेव्हाची ही गोष्ट. त्यांच्यातल्या बर्थोलेनं त्याच दशकात आज आपण पोटॅशियम क्लोरेट म्हणतो तो क्षार तयार केला होता. त्यात क्लोरीनमागे तीन ऑक्सिजन. चार ऑक्सिजनवाला प्रकार १८१६ च्या सुमारास हाती आला. तोवर ‘क्लोरेट’ ही जागा भरलेली. मग त्याच्या वर बसणाऱ्याला ‘पर’ लावला. १८३४ मध्ये बालारनं उलट टोकाचं, एकच ऑक्सिजन असलेलं आम्ल तयार केलं. ते ‘अस’च्याही खालचं, म्हणून ‘हायपो’, अर्थ ‘खाली’. अशी चार पायऱ्यांची शिडी झाली. हायपोक्लोरस एचसीएलओ, क्लोरस एचसीएलओ२, क्लोरिक एचसीएलओ३, परक्लोरिक एचसीएलओ४. खालून वर जाताना दर पायरीला एक ऑक्सिजन वाढतो. हायड्रोजन मात्र चौघांत एकच, कारण चारही मूलकांचा प्रभार उणे एकच आहे. ऑक्सिजन वाढला की हायड्रोजनही वाढवायचा, असा समज अनेकांच्या डोक्यात घट्ट बसलेला असतो. ही शिडी कागदावर एकदा उतरवून काढा, तो सुटेल.

आणि कृपा करून ‘हायपो’ आणि ‘हायड्रो’ यांची गल्लत करू नका. हायपोक्लोरस आणि हायड्रोक्लोरिक ही नावं घाईत वाचली तर एकसारखी दिसतात. पहिल्यात ऑक्सिजन आहे, दुसऱ्यात नाही.

प्रश्न : हायड्रोजन क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल, दोघांचं सूत्र एचसीएल. मग नावं दोन कशाला? आणि ‘हायड्रो’ पाण्यामुळे लागतं ना?
– एक पालक, मुलाला शिकवताना अडलेले

उत्तर : सिलिंडरमध्ये असतो तो वायू, त्याचं नाव हायड्रोजन क्लोराइड. तोच वायू पाण्यात विरघळला की हायड्रोक्लोरिक आम्ल. कोरड्या वायूत हायड्रोजन आणि क्लोरीन एकमेकांना धरून असतात. पाण्यात शिरताच ते सुटतात, हायड्रोजन आयन पाण्याच्या रेणूला चिकटतो आणि द्रावणाला आम्लाचे गुण येतात. बाजारात संहत म्हणून मिळणाऱ्या या आम्लात वजनानं सुमारे ३७ टक्के एचसीएल असतं, बाकी पाणी. लेबलावरचं सूत्र त्या पाण्याबद्दल अवाक्षर काढत नाही. म्हणून टक्केवारी वेगळी लिहावी लागते, आणि टक्केवारी नसलेली बाटली मी कधी कुणाच्या हातात दिली नाही.

‘हायड्रो’ पाण्याचं वाटतं खरं, पण इथे ते हायड्रोजनचं आहे. त्यामागे एक भांडण मिटल्याची कथा आहे. लाव्हॉयझिएनं गंधक, फॉस्फरस, कार्बन जाळून पाहिले, प्रत्येक वेळी ऑक्सिजन घेऊन आम्ल तयार झालं. त्यावरून त्यानं ठरवलं की ऑक्सिजनशिवाय आम्ल नाही. ‘ऑक्सिजन’ या नावाचा अर्थच मुळी आम्ल जन्माला घालणारा. मिठापासून काढलेल्या आम्लात, म्हणजे आपल्या हायड्रोक्लोरिकमध्ये, ऑक्सिजन सापडत नव्हता, तर तो लपलेला आहे असं धरून चालले. शेवटी १८१० मध्ये हम्फ्री डेव्हीनं दाखवलं की त्यात ऑक्सिजन नाहीच, आणि ज्याला सगळे ऑक्सिजनचं संयुग समजत होते तो हिरवट वायू स्वतंत्र मूलद्रव्य आहे. त्याला क्लोरीन हे नाव डेव्हीनंच दिलं. म्हणजे आम्लपणा हायड्रोजनकडे निघाला, आणि ऑक्सिजनशिवायच्या आम्लाच्या कपाळावर तसं लिहावं लागलं. लाव्हॉयझिए हे बघायला नव्हता, त्याला १७९४ मध्येच गिलोटिनवर चढवलं होतं. ऑक्सिजनचं चुकीचं नाव मात्र जगभर टिकलं. मराठीत ‘प्राणवायू’ म्हणून आपण त्या चुकीतून आपोआप सुटलो.

प्रश्न : फॉस्फरसच्या आम्लाला फॉस्फरस आम्ल म्हणायचं, तर फॉस्फोरिक आम्ल कशाचं? आणि फॉस्फरस आम्लाच्या सूत्रात, एच३पीओ३ मध्ये, तीन हायड्रोजन दिसतात. मग पुस्तक त्याला द्विआम्लारिधर्मी, म्हणजे दोनच हायड्रोजन सोडणारं, का म्हणतं?
– एक शिकवणी घेणारी वाचक

उत्तर : तुमचा पहिला प्रश्न मराठीत वाचणाऱ्यालाच पडू शकतो. मूळ भाषेत मूलद्रव्याचं नाव आणि आम्लाचं विशेषण यांच्या लिखाणात एका अक्षराचा फरक आहे. देवनागरीत आपण ऐकू येतं तसं लिहितो आणि दोन्ही ‘फॉस्फरस’ होतात. तेव्हा मुलांना सांगा, एकटा ‘फॉस्फरस’ दिसला की मूलद्रव्य, मागे ‘आम्ल’ जोडलेलं दिसलं की तिथला ‘अस’ ही शेपटी आहे. दोन्ही आम्लं फॉस्फरसचीच. फॉस्फोरिक एच३पीओ४, फॉस्फरस एच३पीओ३. मी स्वतः लेबलावर दुसऱ्याच्या नावाखाली सूत्र दुप्पट मोठं लिहायची.

दुसरा प्रश्न जास्त खोल आहे. सूत्रातले सगळे हायड्रोजन सुटण्याजोगे असतात हे आपण गृहीत धरतो, कारण सल्फ्युरिक, नायट्रिक, फॉस्फोरिकमध्ये तसं असतं. तिथे प्रत्येक हायड्रोजन ऑक्सिजनला लटकलेला असतो, आणि ऑक्सिजनला लटकलेलाच निसटतो. फॉस्फरस आम्लात दोन हायड्रोजन ऑक्सिजनवर आहेत आणि तिसरा थेट फॉस्फरसला जोडलेला. तो हलत नाही. कितीही सोडियम हायड्रॉक्साइड घाला, क्षार तयार होतो तो एनए२एचपीओ३, एक एच आतच. (एनए म्हणजे सोडियम.) हायपोफॉस्फरस, एच३पीओ२, त्याहून चिवट. तिथे दोन थेट फॉस्फरसवर आणि एकच ऑक्सिजनवर, म्हणून सुटतो एकच. तिघांतही हायड्रोजन तीन, पण सुटणारे तीन, दोन, एक.

जाता जाता बोरिक आम्ल, एच३बीओ३. त्याचे तिन्ही हायड्रोजन ऑक्सिजनवर आहेत आणि तरी ते एकआम्लारिधर्मी आहे. ते स्वतःचा हायड्रोजन देतच नाही, पाण्यातला हायड्रॉक्सिल ओढून घेतं आणि पाण्याचा हायड्रोजन मोकळा करतं. दुसऱ्याच्या खिशातून दान! मुलांना हे शेवटी सांगा, आधी सांगितलंत तर वरचं सगळं विसरतील.

प्रश्न : ‘गंधकाम्ल’ इतका सुंदर शब्द असताना ‘सल्फ्युरिक’ कशाला?
– मराठीप्रेमी वाचक

उत्तर : शब्द मलाही आवडतो, बोलताना वापरतेही. लेबलावर मात्र लिहिणार नाही. गंधकाचं आम्ल, हे खरं, पण कोणतं? एच२एसओ४ गंधकाचंच. एच२एसओ३ ही गंधकाचंच. एका ऑक्सिजनच्या जागी गंधक बसलेलं थायोसल्फ्युरिक, एच२एस२ओ३. दोन सल्फ्युरिक जोडून मधलं पाणी काढलेलं पायरोसल्फ्युरिक, एच२एस२ओ७. शिवाय हायड्रोजन सल्फाइडचं द्रावण. पाचही गंधकाम्लंच की! ‘शेपटी’ची सोय मराठीत कुणी रुळवली असती तर गोष्ट वेगळी.

‘पायरो’ आलंच आहे तर ‘मेटा’ही उरकते, दोन पत्रांत विचारलंय. फॉस्फोरिकच्या दोन रेणूंतून तापवून एक पाणी घालवलं की पायरोफॉस्फोरिक, एच४पी२ओ७. एका रेणूतून एक पाणी घालवलं की मेटाफॉस्फोरिक, एचपीओ३. दोन्ही मनात वजाबाकी करून येतात, पाठ करू नका. फक्त एचपीओ३ आणि एच३पीओ३ एकमेकांशेजारी लिहू नका.

प्रश्न : एका पुस्तकात हायपोक्लोरस आम्ल एचसीएलओ आणि दुसऱ्यात एचओसीएल. कोणतं बरोबर?
– एक वाचक

उत्तर : दोन्ही. पहिलं इतर ऑक्सिआम्लांच्या रिवाजानं लिहिलंय, ऑक्सिजन शेवटी. दुसऱ्यात कोण कुणाला जोडलंय ते दिसतं: हायड्रोजन, मध्ये ऑक्सिजन, मग क्लोरीन. परीक्षेत पहिलं लिहा, समजून घेताना दुसरं.

प्रश्न : हे नियम वापरून मी वहीत कितीतरी आम्लांची नावं तयार केली. परब्रोमिक, फ्लुओरिक वगैरे. नियमात बसणारं प्रत्येक आम्ल खरंच असतं का?
– एक विद्यार्थी

उत्तर : या महिन्यातला सगळ्यात आवडलेला प्रश्न. नाही, नसतं. फ्लुओरिक, एचएफओ३, तू लिहिलंस ते कुणाच्याही बाटलीत नाही. परब्रोमिकची कथा मजेदार आहे. क्लोरीनला चारवाला भाऊ आहे, आयोडीनलाही आहे, मधल्या ब्रोमीनला मात्र कितीही खटपट करून मिळेना. हा प्रकार होऊच शकत नाही असं म्हणून त्याची कारणंही दिली जात होती. १९६८ मध्ये एव्हन ॲपलमन यांनी परब्रोमेट तयार केलं आणि कित्येक वर्षं रिकाम्या असलेल्या नावाला माणूस मिळाला. तेव्हा वहीतली फुली इतक्यात मारू नकोस, प्रश्नचिन्ह ठेव.

याची उलटी बाजूही आहे. सुरुवातीच्या उत्तरातलं ते सल्फ्युरस आम्ल आठव. सोडियम सल्फाइट डब्यातून चमच्यानं काढता येतं, पांढरी भुकटी. पण एच२एसओ३ हा शुद्ध पदार्थ वेगळा काढून कुणी बाटलीत भरलेला नाही. त्या नावानं येतं ते पाण्यात विरघळलेला सल्फर डायऑक्साइड. कार्बोनिक आम्लाचंही असंच, बहुतेक सगळा नुसता विरघळलेला कार्बन डायऑक्साइड. त्या जळक्या लेबलाच्या दिवशी मी शेजारची सल्फ्युरसची बाटलीही खाली घेतली आणि तिचंही लेबल नवं करून टाकलं. मोठ्या अक्षरात नाव, खाली ठळक एच२एसओ३, शेवटचा तीन दोनदा गिरवलेला. आत मुख्यतः पाणी आणि झणका होता.